पुढचं उजवं चाक

शिंक आली म्हणून मी दोन्ही हात सोडले. एवढंच झालं. मे महिन्यातली सकाळ, मागच्या सीटवर तीन बायका आणि एक कोंबडी, माझ्या उजवीकडे मांडीवर वाळल्या बटाट्यांचं गाठोडं घेतलेला एक म्हातारा, अशी गाडी भरून मी एल आल्तो शहराच्या मोठ्या रस्त्यानं निघालो होतो. आमच्या डोंगरमाथ्यावर मे म्हणजे थंडीची सुरुवात, आणि ती आधी नाकात शिरून बसते आणि मग बाहेर पडताना माणसाला हलवून सोडते. शिंकताना डोळे मिटतात. मी ते मिटले आणि उघडले, तेवढ्या वेळात गाडी आपल्या मनानं उजवीकडे निघाली होती, थेट फुटपाथच्या कडेला गरम आपी, म्हणजे मक्याचं दाट पेय, विकणाऱ्या बाईच्या पातेल्याकडे. बाईनं पळी उगारली. मी स्टिअरिंग ओढून गाडी परत रस्त्यावर घेतली. मागच्या बायकांनी व्हर्जिन मातेचं नाव घेतलं, कोंबडीनं घेतलं की नाही कळलं नाही, आणि म्हातारा समोर वाकून शांतपणे म्हणाला, "चौतीस." कारण माझ्या गाडीत वेगाचा काटा उजवीकडे बसणाऱ्याला दिसतो, चालवणाऱ्याला दिसत नाही, आणि उजवीकडे बसलेला माणूस सभ्य असेल तर तो वाचून सांगतो. मी त्याला धन्यवाद म्हणालो. पण माझं मन काट्यात नव्हतं. हात सोडल्यावर माझा डावा खांदा एकदम हलका झाला होता, आणि परत धरल्यावर तो दुखायला लागला. म्हणजे तो आज दुखत नव्हता, कित्येक आठवडे दुखत होता. म्हणजे कित्येक आठवडे मी गाडीला डावीकडे ओढून धरून सरळ चालवत होतो आणि मला वाटत होतं, गाडी सरळ चालतेय. माणूस धरून आहे हे त्याला सुटल्याशिवाय कळत नाही. हा विचार मला त्या वेळी फार खोल वाटला. पुढच्या चौकात एका बसनं मागून भोंगा वाजवला, तेव्हा तो गेला.

गाडीचं सांगायचं तर ती जपानची. समुद्र ओलांडून, वाळवंट चढून आमच्यापर्यंत येते तेव्हा तिचं स्टिअरिंग उजवीकडे असतं आणि आम्ही रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवणारी माणसं. मग ते काढून डावीकडे बसवावं लागतं. हे काम करणारे लोक आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यातले निम्मे असे, की त्यांच्याकडून मी सायकलची घंटासुद्धा हलवून घेणार नाही. पण सातुर्निनो चोकेवांका त्यातला नव्हे. तो माझ्या बायकोचा, नीवेसचा मोठा भाऊ. आमच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं हातावर घेतलं, तेव्हापासून तो मेव्हणा नंतर आणि कोंपाद्रे, म्हणजे पोरीचा धर्मपिता, आधी. हे नातं रक्ताच्या वरचं. भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी भांडलं तर देव मधे पडतो. त्यानं माझी गाडी घेतली तेव्हा अकरा दिवस ती उघडीनागडी त्याच्या अंगणात पडून होती आणि तो तिच्या पोटात. बाराव्या दिवशी म्हणाला, "स्टिअरिंग आलं डावीकडे. काटे इकडे आणायला अजून दोन दिवस दे." मी म्हणालो, "काटे राहू देत." मला घाई होती. रविवारी तळ्याकाठच्या कोपाकबानाला जायचं ठरलं होतं, गाडीला आशीर्वाद मिळवायला, आणि सासूबाईंनी फुलांच्या माळा सांगून ठेवल्या होत्या. "वेग कळायला नको तुला?" त्यानं विचारलं. "नीवेस असते की शेजारी," मी म्हणालो, "ती मला सगळं सांगतेच, तेवढं अजून एक सांगेल." तो हसला होता तेव्हा. सातुर्निनो हसला की आधी मिशी हसते आणि मग बऱ्याच वेळानं तो. आता हे सगळं आठवतं तेव्हा मला त्या मिशीसमोरच लाज वाटते.

कारण शिंकेच्या त्याच सकाळी, स्टँडवर, दहा-बारा ड्रायव्हर पाव आणि चहा घेऊन उभे असताना त्यातल्या इलारियोननं मला विचारलं, "काय रे देमेत्रियो, खांदा का चोळतोस? बायकोनं मारलं?" आणि मी बोलून गेलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "गाडी उजवीकडे ओढते बाबा. सातुर्निनोनं स्टिअरिंग डावीकडे आणलं, पण गाडीचा जीव अजून उजवीकडेच आहे. त्याच्या हातची गाडी जरा सोडली की जपानच्या वाटेला लागते." लोक हसले. इलारियोन तर चहा सांडेपर्यंत हसला. आयुष्यात माझ्या विनोदाला एवढे लोक एकदम कधी हसले नव्हते, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी तो दुपारी पुन्हा सांगितला. संध्याकाळी तो मला दुसऱ्याच स्टँडवरच्या एका माणसानं सांगितला, स्वतःचा म्हणून, आणि त्यात गाडी समुद्रापर्यंत पोचली होती. आठवड्यात एल आल्तोत सगळीकडे झालं: सातुर्निनोच्या गाड्या जपानला जातात. जून महिन्यात त्याच्याकडे पाच गाड्या यायच्या होत्या, एक आली. जुलैत तीही नाही. विनोद करणाऱ्याला तो परत घेता येत नाही, हे कुणी लहानपणी शिकवत नाही; शिकवायला पाहिजे.

नीवेस माझ्याशी बोलायची थांबली असं नाही, पण फक्त काटा वाचून दाखवू लागली. "बेचाळीस," ती म्हणायची. "पेट्रोल पाव." तिच्या आवाजात काय काय होतं ते मला कळत होतं. एकदा रात्रीचं जेवण वाढताना ती म्हणाली, "दादा सांगत होता, दुकानाची पाटी काढून टाकतो म्हणून. चिलीला खाणीत कुणी तरी ड्रायव्हर मागतंय." मी सूप ढवळत राहिलो. "पन्नासाव्या वर्षी खाणीत," ती म्हणाली, "तुझ्या जिभेपायी." मी म्हणालो, "गाडी ओढते हे तर खरं आहे ना?" ती म्हणाली, "गाडी ओढते हे खरं. कशानं ओढते हे तुला माहीत आहे का?" आणि माझा चमचा ताटलीवर आपटला. तिनं सहज विचारलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं.

आता ते चांदणं सांगायलाच हवं. इथपर्यंत मी त्याच्या कडेकडेनं चाललो, गाडी खड्डा चुकवते तसा. आमच्याकडे कुठलंही मोठं काम एकट्याच्या जिवावर होत नाही. प्रत्येक गोष्टीला एकेक धर्मपिता नाहीतर धर्ममाता शोधतात. लग्नात केकचा वेगळा, अंगठ्यांचा वेगळा, बँडचा वेगळा. माझ्या गाडीच्या टायरांच्या धर्ममाता होत्या माझ्या सासूबाई, दोन्या इग्नासिया. चार नवे कोरे टायर. लोकरीचा धंदा करणारी विधवा बाई, चार टायर देते म्हणजे काय देते ते मला ठाऊक होतं. कोपाकबानाला चर्चसमोर गाडी उभी केली, बॉनेटवर फुलं, पाद्र्यानं पाणी शिंपडलं, आणि मग आपलं खरं काम: चारही चाकांना बिअर पाजायची. पाचामामा, धरती माता, तिला पाजल्याशिवाय चाक तिच्यावर चालत नाही. नीवेसनं मागची दोन पाजली, सातुर्निनोनं पुढचं डावं, आणि पुढच्या उजव्याची बाटली सासूबाईंनी माझ्या हातात दिली. ऊन डोक्यावर होतं. तळ्यावरचं ऊन बोचतं. सगळे फोटोसाठी दुसऱ्या बाजूला गेले. मी चाकापाशी उकिडवा बसलो आणि एक घोट घेतला. मग चाकाला थोडी दिली. मग मी. मग, खरं सांगायचं तर, मीच. शेवटी बाटलीत फेस उरला तो चाकावर झटकला आणि सगळं ओलं दिसावं म्हणून रेडिएटरच्या डब्यातलं पाणी ओतलं. माझा बाप खाण कामगारांच्या संघटनेतला, देवाधर्माला हसणारा. मला वाटलं, मी त्याच्याच रक्ताचा. पण बाप निदान सर्वांसमोर हसायचा.

आणि मार्चमध्ये तेच चाक फुटलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. नीवेस सोबत नव्हती, उजवीकडची सीट रिकामी होती, आणि उतारावर मला वाटलं आपण फार वेगात आहोत, तर काटा बघावा. काटा बघायला मी उजवीकडे वाकलो. माणूस वाकतो तिकडे त्याचे हात जातात, हातांबरोबर गाडी जाते. फुटपाथच्या दगडानं टायरची कूस फाडली, एकोणपन्नास दिवसांच्या टायरची. धर्ममातेची देणगी वर्षाच्या आत फुटली तर ती देणाऱ्याचा हात अशुभ म्हणतात. सासूबाईंचं मन मोडेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या माझी मान मोडतील अशी भीती होती. गुरुवारच्या बाजारात जाऊन मी तसाच दिसणारा एक जुना टायर घेतला, बुटाच्या पॉलिशनं काळाभोर केला, आणि चढवला. मी जवळून पाहिलं तर मलासुद्धा ओळखू येईना. मग मी हळूहळू विसरलो. खोटं बोलणाऱ्याला आठवण चांगली लागते म्हणतात. मला विसरणं चांगलं जमलं. मे महिन्यात शिंक आली तोवर मी इतका विसरलो होतो की गाडी उजवीकडे ओढते म्हटल्यावर माझ्या डोक्यात सातुर्निनोचं स्टिअरिंग आलं, स्वतःचं चाक आलं नाही. की आलं होतं आणि मी ते ओढून धरलं, खांदा दुखेपर्यंत? हे मला अजून ठरवता येत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सातुर्निनोनं निरोप पाठवला: गाडी घेऊन ये, आज निकाल लावू. अंगणाच्या फाटकावरची पाटी एका बाजूनं सुटलेली होती, एकाच खिळ्यावर लटकत. मी ती वाऱ्यानं सुटली असेल असं समजलो. ऑगस्टमध्ये वारा असतोच. सासूबाई अंगणाच्या मधोमध स्टुलावर बसल्या होत्या, एकावर एक सात घागरे, डोक्यावर टोपी, हातात लोकर कातायची चाती. "ये बाबा," त्या म्हणाल्या, "या महिन्यात धरती तोंड उघडून बसते. कुणाचं काय राहिलंय ते मागते." मी म्हणालो, "नमस्कार, दोन्या इग्नासिया." सातुर्निनो हात पुसत आला. माझ्याकडे न बघता गाडीकडे बघून म्हणाला, "आज सगळं क्रमानं बघायचं. दोष माझ्या स्टिअरिंगमध्ये निघाला तर दुसरा खिळाही काढतो." तेव्हा मला पाटीचं कळलं.

त्यानं आधी हवा मोजली. चारही चाकांची, खाली बसून, घाई न करता. पुढच्या उजव्यापाशी तो इतरांपेक्षा जास्त वेळ बसला, किंवा मला तसं वाटलं. मी बाजूला उभा होतो. माझी गंमत बघा: मनातून मी प्रार्थना करत होतो की दोष सापडावा, लवकर सापडावा, पण तिथे नको. हवेत सापडू दे. ब्रेकमध्ये सापडू दे. देवा, माझ्या कोंपाद्रेच्या स्टिअरिंगमध्ये सापडला तरी चालेल, असंही एक क्षण मनात आलं, आणि ते आल्याबरोबर मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही. "हवा सारखी आहे," सातुर्निनो उठत म्हणाला. "तुला आणखी काही आठवतंय का, कोंपाद्रे? कधी काही लागलं, आपटलं?" "मला? नाही बुवा," मी म्हणालो. सासूबाईंची चाती फिरत होती.

मग ब्रेक. मी गाडी चौकापर्यंत नेऊन आणली, त्यानं पुढच्या दोन्ही चाकांना आतून तळहात लावून पाहिले, आई पोराच्या कपाळाला लावते तसे. एखादा ब्रेक चिकटून राहिला असेल तर ते चाक तापतं आणि गाडी तिकडे जाते. दोन्ही सारखीच गार. मग जॅक लावून चाक हातानं फिरवलं. ते गरगर फिरत राहिलं, कुठे अडेना. मला त्या चाकाचा राग आला. इतकं निरोगी दिसायची काय गरज होती? "ब्रेक बरा आहे," तो म्हणाला. "आठवतंय काही?" "नाही." मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून, ओणवा होऊन, एक डोळा मिटून त्यानं चाकांची दिशा पाहिली. उजवीकडे, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. मी मनात म्हणत होतो, वाकडं निघ, वाकडं निघ. दोरी चारही ठिकाणी टायरला अशी चिकटली होती की जणू विणूनच लावली होती. आणि मग तो गाडीखाली शिरला, त्याच्या स्वतःच्या कामापाशी, जिथे त्यानं अकरा दिवस घालवले होते. खालून त्याचा आवाज येत होता, एकेक सांधा ठोकून बघताना, स्वतःशी: "हा घट्ट. हा घट्ट. हाही." त्या आवाजात भीती होती. माझ्या लक्षात आलं, या माणसाला खरंच वाटतंय की कदाचित आपलंच चुकलं असेल. तीन महिने लोक हसले की कारागिराला आपल्या हातांचाही भरवसा राहत नाही. मला त्या क्षणी सगळं सांगावंसं वाटलं. मी खाली वाकून म्हणालो, "कोंपाद्रे." "काय?" "कपडे मळतील तुझे." "तीस वर्षं मळतायत," तो खालून म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, "मी आधीच सांगितलं. एखादं चाक उपाशी राहिलंय. कोपाकबानाला सगळी पाजली होती का नीट?" "पाजली होती, आई," नीवेस दारातून म्हणाली. तिच्या हातात सोललेल्या बटाट्यांचं भांडं होतं. "तू दोन पाजलीस. सातुनं एक पाजलं." चाती थांबली. "चौथं कोण होतं?" "मी होतो," मी म्हणालो. "भरपूर पाजली. ओलंचिंब केलं होतं." "ओलं तर होतं," त्या म्हणाल्या आणि चाती परत फिरवू लागल्या.

सातुर्निनो बाहेर आला. त्याच्या मिशीला ग्रीस लागलं होतं. "आता एकच राहिलं," तो म्हणाला. "पुढची दोन चाकं अदलाबदल करायची. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. मग रस्त्यावर जायचं. अजूनही उजवीकडे ओढली तर दोष गाडीत, म्हणजे माझ्यात. डावीकडे ओढली तर दोष चाकाबरोबर गेला, म्हणजे टायरात." तो इतकं स्पष्ट बोलला की अंगणातल्या कोंबड्यांनाही कळावं. त्यानं चाकं काढली, अंगणातून गडगडत नेली, बदलून लावली. सासूबाईंसमोरून माझं चाक गेलं तेव्हा त्यांनी टोपी जराशी मागे सारून त्याच्याकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहतात तसं. "शेवटचं विचारतो," सातुर्निनो नट आवळताना पाठमोरा म्हणाला, "काही आठवतंय?" त्याची मान मला दिसत होती, उन्हानं रापलेली, मागे केस विरळ झालेली. मी म्हणालो, "चल, जाऊन तरी बघू."

गाडीत माझ्या उजवीकडे सातुर्निनो, मागे नीवेस आणि सासूबाई. सासूबाईंची टोपी छताला लागत होती आणि ती काढणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. रविवार म्हणून मोठा रस्ता मोकळा होता. समोर इयिमानीचा डोंगर, बर्फानं पांढराशुभ्र, लांब, सगळ्यांकडे बघत असलेला. सातुर्निनो काटा वाचत होता. "तीस." मी हात घट्ट धरलेले. "पस्तीस." आणि मला खांद्यात कळलं. डाव्या खांद्यातलं दुखणं उठून उजव्या खांद्यात जाऊन बसलं होतं. चाक आपलं ओझं घेऊन बाजू बदलून आलं होतं. "चाळीस," सातुर्निनो म्हणाला. "आता सोड." आणि त्याच वेळी माझा डावा गुडघा, मी न सांगता, हळूच वर आला आणि स्टिअरिंगला खालून टेकला.

मी शपथेवर सांगतो, गुडघ्याला मी सांगितलं नव्हतं. पण तो तिथे होता, आणि काय करता येईल हे त्याला बरोबर माहीत होतं. जरासा वर रेटला की गाडी उजवीकडे झुकेल. हात हवेत, सगळ्यांना दिसतील असे. गुडघा कुणाला दिसणार नाही. सातुर्निनो दुसरा खिळा काढेल, चिलीला जाईल, गुरुवारचा टायर गुरुवारीच राहील, सासूबाईंची देणगी अखंड, माझी झाकली मूठ सव्वा लाखाची. एका गुडघ्याचं काम. मी हात सोडले. गाडी सरळ चालली होती, गुडघ्यावर, आणि त्या दोन क्षणांत मला जे आठवलं ते मोठं काही नव्हतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोरगी सातुर्निनोच्या नव्या सुटावर ओकली होती आणि तो तसाच उभा राहिला होता, सगळे विधी होईपर्यंत, तिला दुसऱ्या कुणाच्या हातात न देता. मी उजवीकडे पाहिलं. त्यानं हात मांडीवर ठेवले होते. त्याच्या समोर, जिथे पूर्वी स्टिअरिंग होतं, तिथल्या भोकावर त्यानंच ठोकलेला गुळगुळीत पत्रा होता. तो काट्याकडे बघत नव्हता. माझ्या पायाकडेही नाही. डोळे मिटून बसला होता.

मी गुडघा खाली घेतला.

गाडी डावीकडे निघाली. रस्ता पावसाच्या पाण्यासाठी उजवीकडे उतरता केलेला असतो, तरी ती चढावरून, हट्टानं, डावीकडे निघाली, दुभाजकाच्या पांढऱ्या दगडांकडे. मी हात वर धरून बसलो होतो, पोलिसानं पकडलेल्या माणसासारखे. दगड जवळ आले. "धर आता," सातुर्निनो डोळे न उघडता म्हणाला, आणि मी धरलं. गाडी बाजूला उभी केली. मग मी बोलू लागलो आणि थांबता येईना: मार्च, उतार, काटा, दगड, गुरुवारचा बाजार, बुटाचं पॉलिश. बिअरसुद्धा सांगितली, रेडिएटरच्या पाण्यासकट. कुणी विचारलं नव्हतं तरी लहानपणी बापाच्या खिशातून घेतलेल्या सिगारेटीही सांगितल्या असत्या, पण नीवेस म्हणाली, "पुरे."

"माझ्या टायरांना आतल्या बाजूला लाल ठिपका आहे," सासूबाई मागून म्हणाल्या. "चारही. लग्नात दिलेल्या वस्तू लोक बदलतात, म्हणून मी खूण करते. मघाशी तुझं चाक समोरून गेलं. काळं ठिक्कर. बुटासारखं चमकत होतं." "मग बोलला का नाहीत?" "तू बोलतोस का ते बघत होते." मी सातुर्निनोकडे वळलो. "तुला?" तो म्हणाला, "मी मेकॅनिक आहे, कोंपाद्रे. हवा मोजायला बसलो तेव्हाच दिसलं, नक्षी वेगळी. पण टायर वेगळा म्हणजे दोष त्याचाच, असं नसतं. म्हणून सगळं बघितलं. माझंही बघितलं." "आणि मी मघाशी," मी गुडघ्यावर हात ठेवला, "मी जर सोडलं नसतं?" त्यानं समोरच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. "तर पाटी काढली असती," तो म्हणाला. "जिला हातावर घेतलं तिच्या बापाला खोटं पाडून दुकान चालवायचं, ते मला जमलं नसतं." मग त्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, "थंडी फार आहे." मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. लपवायला त्या दिवशी माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"स्टँडवर घे," सासूबाई म्हणाल्या.

रविवारीही स्टँडवर पाच-सहा जण होतेच. मी उतरलो आणि एका दमात सांगितलं, की सातुर्निनोच्या स्टिअरिंगमध्ये काही दोष नाही, दोष माझ्या टायरात आहे, टायर चोरून लावलेला आहे, आणि जपानचा विनोद मी केला तो खोटा होता. कुणी हसलं नाही. मग इलारियोन म्हणाला, "म्हणजे गाडी सरळ होती आणि देमेत्रियोच वाकडा होता!" आणि सगळे हसले, चहा सांडेपर्यंत. मला माहीत आहे हा विनोद कुठपर्यंत जाणार ते. बुधवारी तो मला परक्या स्टँडवर कुणी तरी सांगेल आणि मला हसावं लागेल. जाऊ दे. तो जितका लांब जाईल तितक्या गाड्या सातुर्निनोच्या अंगणात येतील.

तेवढ्यात सासूबाई उतरल्या, घागरे सावरले आणि शालीखालून बिअरची बाटली काढली. म्हणजे सकाळपासून ती तिथेच होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि चाकाकडे बोट दाखवलं. "बाजारचं असलं तरी तहान त्यालाही आहे. उद्या नवा आणशील त्यालाही पाज. आज याला." सगळे ड्रायव्हर गोल करून उभे राहिले. मी चाकापाशी उकिडवा बसलो. ऊन डोक्यावर होतं, घसा कोरडा पडला होता, आणि बाटली थंडगार होती. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. मी बाटली तोंडापासून हातभर लांब धरली आणि ओतली. वरून, खालून, कडेनं, नक्षीत बोट घालून आतपर्यंत. फेससुद्धा. मग बाटली उलटी करून झटकली, शेवटचा थेंब पडेपर्यंत, आणि सर्वांना दिसेल अशी वर धरली.

सातुर्निनोनं ती माझ्या हातातून घेतली, एक डोळा मिटून आत पाहिलं, दोरी बघताना पाहिलं होतं तसं. त्याची मिशी हलली.

"मला एक घोटही ठेवला नाहीस, कोंपाद्रे?"